भिंत कुणाच्या पापाने पडते?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात जमीन हादरली. गणपतीचं विसर्जन आटोपून लोक गाढ झोपले होते. काही सेकंदांत लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातली पन्नासच्या आसपास गावं जमीनदोस्त झाली आणि आठ ते दहा हजार माणसं ढिगाऱ्याखाली गेली. सास्तूर धाराशिव जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, तर भूम तालुक्यातलं ईट पश्चिम टोकाला. जिल्हा एक, देवी एकच तुळजापूरची, पण एक गाव उरलं आणि एक गेलं. ईटकरांचं पुण्य जास्त होतं आणि सास्तूरकरांचं पाप जास्त होतं, असं कुणी उघड म्हणालं तर ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येईल. पण हेच विधान आपण सुट्या सुट्या माणसांबद्दल येता-जाता करत असतो. कर्ता मुलगा अपघातात गेला की कुणाचे तरी तळतळाट लागलेले असतात. मूल अपंग जन्मलं की मागच्या जन्मीचे भोग असतात. नवरा गेला की बाई पांढऱ्या पायाची ठरते. पाऊस डोळे वटारून बसला की गावात अधर्म माजलेला असतो. दहा हजारांबद्दल जे बोलायला जीभ धजत नाही, ते एकट्यादुकट्याबद्दल सहज बोललं जातं. म्हणून हा प्रश्न नीट तपासायला हवा: दुःख ही पापाची शिक्षा असते का?

माझं म्हणणं आधीच स्पष्ट सांगतो. ‘वाईट कराल तर वाईट होईल’ हे एक विधान आहे आणि ‘याचं वाईट झालं, म्हणजे याने वाईट केलं असणार’ हे अगदी दुसरं विधान आहे. पहिलं माणसाला स्वतःच्या पुढच्या पावलाबद्दल सावध करतं. दुसरं दुसऱ्याच्या मागच्या आयुष्याबद्दल, किंबहुना मागच्या जन्माबद्दल, निकाल देतं. पहिल्यावरून दुसरं निघत नाही. पाऊस पडला की अंगण ओलं होतं, म्हणून ओलं दिसणारं प्रत्येक अंगण पावसानेच भिजलेलं नसतं. धर्मपरंपरांनी पहिलं विधान शिकवलं हे खरं आहे. काही ग्रंथांनी दुसरंही शिकवलं, हेही नाकारता येत नाही. पण त्याच परंपरांमध्ये या दुसऱ्या विधानाला ठाम नकार देणारे आवाज आहेत आणि ते परंपरेच्या बाहेरचे नाहीत, गाभ्यातले आहेत. पुरावा आणि नीती दोन्हींच्या कसोटीवर ते आवाजच खरे ठरतात.

पुरावा किल्लारीचाच घेऊ. मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे माळवदाचं घर. दोन-दोन, अडीच-अडीच फूट रुंद दगडी भिंती, पण दगड सांधायला चुना नाही, नुसता मातीचा गारा. भिंतीचा आतला दर्शनी थर वेगळा, बाहेरचा वेगळा आणि दोहोंच्या मधे गोटे आणि माती भरलेली. दोन्ही थरांना एकत्र धरून ठेवतील असे आरपार जाणारे लांब दगड बहुतेक भिंतींत नव्हते. वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. गळती लागू नये म्हणून पावसाळ्याआधी वर पुन्हा माती पसरायची, त्यामुळे छत वर्षागणिक जड होत जाई. उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार राहणारं हे घर पिढ्यान्‌पिढ्या शहाणपणाचंच मानलं गेलं होतं, कारण हा मुलूख भूकंपाच्या नकाशावर सर्वांत सुरक्षित समजल्या जाणाऱ्या पट्ट्यात होता. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून किल्लारीत लहान लहान धक्के बसत होते, तरी तो समज बदलला नाही. ३० सप्टेंबरला जमीन आडवी हलली, भिंतींचे दोन थर एकमेकांपासून सुटले, बाहेर फुगले आणि माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आलं. त्याच परिसरात कुडाच्या भिंती आणि हलकं छप्पर असलेल्या झोपड्या बऱ्याच ठिकाणी उभ्या राहिल्या. कोण गेलं आणि कोण राहिलं हे ठरलं ते डोक्यावरच्या मातीच्या वजनावरून. माळकरी आणि दारुडा, सावकार आणि ऋणको, आजी आणि पाळण्यातलं मूल, हिंदू आणि मुसलमान, कुणाच्याही पापपुण्याचा हिशोब त्या निवडीत दिसत नाही.

यावर श्रद्धावंताचं उत्तर ठरलेलं असतं. ज्यांचं प्रारब्ध तसं होतं तीच माणसं त्या रात्री माळवदाखाली झोपली होती. माती हे निमित्त, कर्म हे कारण. हे उत्तर खोडून काढता येत नाही हे मान्य आहे. पण ते खोडता येत नाही याचं कारण ते बळकट आहे असं नाही. श्रीमंत मेला असता आणि गरीब वाचला असता, तरी हेच उत्तर लागू पडलं असतं. उलटं झालं असतं, तरी हेच. सगळे वाचले असते, तर तेही प्रारब्धच. जे विधान काहीही घडलं तरी तितकंच खरं राहतं, ते जे घडलं त्याबद्दल काहीच सांगत नाही. माळवदाचं वजन मात्र काहीतरी सांगतं. पुढचं घर कसं बांधायचं ते सांगतं, भिंतीत आरपार दगड किती अंतरावर घालायचे ते सांगतं. एका स्पष्टीकरणातून माणसं वाचतात, दुसऱ्यातून मेलेल्यांची बदनामी होते.

आता ग्रंथांकडे वळू. घर कोसळून माणसं मेली तर धर्माने काय म्हणावं, हा प्रश्न किल्लारीच्या कितीतरी आधी विचारला गेला आहे. बायबलच्या जुन्या करारातल्या ईयोबाच्या कथेत वादळाने घर पडून त्याची सगळी मुलं मरतात. सांत्वनाला आलेला त्याचा मित्र बिल्दद सुचवतो की मुलांनी पाप केलं असेल म्हणूनच देवाने त्यांना त्यांच्या अपराधाच्या हाती दिलं असेल. ईयोब हे शेवटपर्यंत मान्य करत नाही. कथेच्या अखेरीस देव बोलतो तेव्हा तो रागावतो तो ईयोबाच्या तक्रारीवर नाही, तर देवाची बाजू घेऊन आलेल्या त्या मित्रांवर. ते खरं बोलले नाहीत म्हणून. नव्या करारात यरुशलेममधला शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेल्याचा उल्लेख आहे. ते अठरा जण इतरांपेक्षा जास्त पापी होते का, असा प्रश्न येशू स्वतःच विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं की पाप याचं की याच्या आईबापांचं, तेव्हाही त्याचं उत्तर ‘कुणाचंच नाही’ असं आहे. इस्लाममध्ये हाच ईयोब अय्यूब नबी आहे, आणि त्याचं दुःख तिथे पापाची खूण नाही, सबुरीची आहे.

आपल्याकडे तर याहून थेट उदाहरण आहे. परंपरेनुसार चोखोबांचा मृत्यू १३३८ साली मंगळवेढ्याला झाला. गावकुसाच्या बांधकामावर वेठीला लावलेल्या मजुरांत ते होते आणि ते कूस अंगावर कोसळून इतर मजुरांबरोबर गेले. नामदेवांनी ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी शोधल्या आणि पंढरपूरला महाद्वाराशी त्यांची समाधी केली. वारकरी आजही आधी तिथे माथा टेकतो. भिंत अंगावर पडली म्हणून चोखोबा पापी, असं कुणा वारकऱ्याच्या स्वप्नातही येत नाही. तेरच्या गोरोबाकाकांची कथा याच धाराशिव जिल्ह्यातली. विठ्ठलनामात रंगून चिखल तुडवताना त्यांचं स्वतःचं तान्हं मूल पायाखाली आलं. त्या मुलाने काय केलं होतं, असा सवाल ही कथा विचारत नाही. तुकोबांच्या घरी १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात पहिली बायको आणि मुलगा अन्नावाचून गेले; त्यावरून तुकोबांच्या पापाचं माप काढायला कुणी बसलं नाही. म्हणजे संतांच्या बाबतीत आपल्याला नीट कळतं की दुःखावरून पाप सिद्ध होत नाही. मग हीच समज शेजारच्या विधवेच्या बाबतीत कुठे जाते?

याच्या विरुद्ध पुरावाही मांडायला हवा, तो लपवून चालणार नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात कोणत्या पापाने पुढच्या जन्मी कोणती व्याधी होते याची यादीच आहे: सोनं चोरणाऱ्याची नखं बिघडतात, दारू पिणाऱ्याचे दात काळे पडतात, ब्रह्महत्या करणाऱ्याला क्षय होतो. कर्मविपाकावरच्या पुढच्या ग्रंथांनी ही यादी आणखी लांबवली. खुद्द चोखोबांच्या नावावरच्या एका अभंगात आपला जन्म हे पूर्वीच्या निंदेचं फळ असल्याचा भाव आहे आणि तो वाचताना आजही मन कळवळतं. हे सगळं परंपरेतच आहे. पण या याद्यांचं पुढे काय झालं ते पाहा. १८७३ मध्ये हान्सेनने कुष्ठरोगाचा जंतू शोधला, १८८२ मध्ये कॉखने क्षयाचा. शतकानुशतकं ज्यांना पापी ठरवून वेशीबाहेर काढलं, ते जंतूने आजारी पडलेले होते. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं तेव्हा त्यांना रोगाइतकंच या निकालाशी लढावं लागलं, कारण औषधाने जंतू जातो, पण ‘पापाचा भोग’ हा शिक्का जात नाही. आणि ज्याला दुःखाचं पापाशी गणित जुळवायचंच असेल त्याने १८९७ च्या पुण्याच्या प्लेगकडे पाहावं. लागण झालेल्या मुलाला स्वतः उचलून उपचारांना नेणाऱ्या सावित्रीबाई फुले त्याच प्लेगने १० मार्चला गेल्या. त्यांच्या मृत्यूला कारण त्यांची करुणा होती. शिक्षेचा सिद्धांत इथे तोंड उघडूच शकत नाही.

कर्मवादाची सर्वांत भक्कम बाजू मात्र व्याधींच्या याद्यांत नाही, वेदान्तात आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात आक्षेप येतो की जगात एक सुखी, एक दुःखी, तर ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? शंकराचार्यांचं उत्तर असं की ईश्वर प्रत्येक जीवाच्या कर्मानुसार फळ देतो, म्हणून दोष त्याच्याकडे जात नाही; आणि पहिली विषमता कुठून आली असं विचाराल तर संसार अनादी आहे, पहिलं असं काही नाहीच. ही मांडणी गंभीर आहे. तिच्यामागची तळमळ, जग मुळात न्यायी असलं पाहिजे ही, खरी आहे. पण ती ईश्वराला वाचवते तेव्हा माणसाला मोजावी लागणारी किंमत मोठी असते. ज्या अपराधाची मला आठवण नाही, जो मला कुणी सांगितला नाही, ज्याबद्दल माझी बाजू कुणी ऐकली नाही, त्याबद्दल भोगावं लागणारं दुःख हे फळ म्हणता येईल, न्याय म्हणता येणार नाही. हा आक्षेप काही आधुनिकांनी शोधलेला नाही. तो महाभारतानेच घेतला आहे. आदिपर्वात मौनात बसलेल्या मांडव्य ऋषीला चोर समजून सुळावर चढवतात. पुढे तो यमधर्माला जाब विचारतो की हे कोणत्या पापाचं फळ? धर्म सांगतो की लहानपणी तू एका किड्याला गवताची काडी टोचली होतीस. मांडव्य हे मुकाट्याने ऐकून घेत नाही. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा देणाऱ्या धर्मालाच तो शाप देतो आणि धर्माला विदुर म्हणून दासीच्या पोटी जन्म घ्यावा लागतो. शिवाय चौदाव्या वर्षापर्यंतच्या कृत्याला पाप धरायचं नाही, अशी मर्यादाही तो घालून देतो. शिक्षेचा हिशोब ठेवणारा धर्म स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि दोषी ठरतो, ही कथा आपल्याच महाकाव्यात आहे. जी परंपरा धर्माला जाब विचारू शकते, तिच्या नावाने किल्लारीच्या पाळण्यातल्या मुलाला दोषी धरणं हा त्या परंपरेचाच अपमान आहे.

इथे कुणी म्हणेल, मग कर्माला फळच नाही का? दारूने यकृत जातं, व्यभिचाराने संसार मोडतो, लाचेच्या पैशाने बांधलेला पूल पडतो. हे दुःख कृत्यातूनच आलं ना? आलं, यात वाद नाही. पण ते परिणाम आहेत आणि परिणाम दाखवता येतो. बाटलीपासून यकृतापर्यंतची वाट डॉक्टर पायरी-पायरीने दाखवतो. शिवाय परिणाम करणाऱ्यावरच पडतो असंही नाही: दारू बाप पितो, उपाशी मुलं राहतात, पैसा कंत्राटदार खातो, पुलावरून दुसरेच पडतात. हे उघड दिसत असताना भोगणारा तोच करणारा, असं म्हणणं म्हणजे डोळ्यांवर कातडं ओढणं. बुद्धाने हा मुद्दा फार नेमका मांडला आहे. संयुत्त निकायात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक त्याला विचारतो की माणसाला जे जे सुखदुःख होतं ते पूर्वकर्मामुळेच, असं काही जण म्हणतात ते कसं? बुद्ध आठ कारणं मोजतो: पित्त, कफ, वात, या तिन्हींचा संयोग, ऋतूतला बदल, शरीराची हेळसांड, दुसऱ्याने केलेला घात आणि कर्माचा विपाक. आठांत कर्म एक आहे, आणि सर्वच दुःख पूर्वकर्माचं म्हणणारे जगाला ठाऊक असलेल्या सत्याच्या पलीकडे जातात, असं तो सांगतो. कर्म मानणाऱ्यानेच हे सांगितलं, म्हणून त्याचं वजन मोठं आहे.

दुसरा आक्षेप सांत्वनाचा, आणि तो मला सर्वांत जड वाटतो. मुलगा गमावलेली आई ‘माझ्या नशिबाचे भोग’ म्हणते तेव्हा तिला त्यात आधार मिळतो. निव्वळ योगायोगाने मूल गेलं हे सोसण्यापेक्षा आपल्या कर्माने गेलं हे सोसणं तिला सोपं जातं. तो आधार हिरावून घेणारे आपण कोण? कुणीही नाही. महाभारताच्या अनुशासन पर्वात गौतमीचा मुलगा सर्पदंशाने मरतो आणि व्याध सापाला बांधून तिच्यापुढे आणतो. ती म्हणते, याला मारून माझं मूल परत येणार नाही, सोड त्याला. पुढे साप, मृत्यू आणि काळ यांचा वाद होतो, काळ मुलाच्या कर्माकडे बोट दाखवतो आणि गौतमी आपल्याही कर्माचा वाटा मानून शांत होते. इथे कर्माचा सिद्धांत आहे, पण तो बोलला जातो तो सूड थांबवण्यासाठी, आणि तो स्वीकारते ती स्वतः जखमी झालेली आई. तेच वाक्य शेजारणीने तिच्या तोंडावर म्हटलं असतं तर ते सांत्वन राहिलं नसतं, आरोप झाला असता. सोसणाऱ्याने स्वतःबद्दल बोललेलं आणि पाहणाऱ्याने दुसऱ्याबद्दल बोललेलं, शब्द एक असले तरी त्यांची नीती एक नाही.

तिसरा आक्षेप असा की शिक्षेची भीती गेली तर लोक बेताल होतील. निदान चांगल्या हेतूने तरी ही भीती वापरावी. हे करून पाहिलं गेलं आहे, आणि करणारे साक्षात गांधीजी होते. १५ जानेवारी १९३४ च्या बिहारच्या प्रचंड भूकंपानंतर त्यांनी म्हटलं की अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ही ईश्वरी शिक्षा आहे. हेतू निर्मळ होता आणि अस्पृश्यता हे पापच होतं, यात शंका नाही. पण रवींद्रनाथ टागोरांनी जाहीर विरोध केला आणि गांधीजींनी तो आपल्या ‘हरिजन’मध्ये छापला. टागोरांचं म्हणणं होतं की भौतिक संकटांना भौतिक कारणं असतात, आणि हा युक्तिवाद गांधीजींपेक्षा त्यांच्या विरोधकांच्याच हातात जास्त शोभतो. उद्या ते म्हणतील की स्पर्शास्पर्श मोडायला निघालेल्यांमुळेच देव कोपला. गांधीजी आपल्या श्रद्धेवर ठाम राहिले, तरी तर्काच्या बाजूने टागोरांचं पारडं जड आहे. ढिगाऱ्याखाली मेलेल्यांत स्पृश्यही होते आणि ज्यांच्यावर अन्याय झाला तेही होते. अन्याय सोसणाऱ्यालाच अन्यायाची शिक्षा देणारा देव मानायचा, तर अस्पृश्यतेविरुद्ध बोलण्याचा आधारच ढासळतो. अस्पृश्यता वाईट, कारण ती माणसाला माणूस मानत नाही. हे कळायला भूकंप लागत नाही, आणि ज्याला ते एरवी कळत नाही त्याला भूकंपानेही कळत नाही.

शिवाय या सिद्धांताची एक सामाजिक बाजू आहे आणि ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमकी ओळखली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ते पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारतात, कारण गरिबाच्या आणि पददलिताच्या अवस्थेची जबाबदारी झटकायला तो राज्याला आणि समाजाला सोयीचा पडतो. धाराशिव जिल्ह्यातल्या भूमपासून लोहाऱ्यापर्यंतच्या या कोरडवाहू पट्ट्यात हा मुद्दा पुस्तकी नाही. पाऊस हुलकावणी देतो, विहिरी आटतात, सोयाबीन घरात आलं की भाव पडतो, कर्ज थकतं आणि एखादा शेतकरी आयुष्य संपवतो. त्याच्या मागे राहिलेल्या बाईच्या पायगुणाची चर्चा सुरू झाली, की पाणलोट, पीकविमा, सावकारी व्याज आणि बाजारभाव यांबद्दलचे प्रश्न आपोआप मागे पडतात. जिने सर्वांत जास्त गमावलं तिच्याच डोक्यावर कारण ठेवलं जातं, आणि ज्यांना काही करता आलं असतं ते मोकळे सुटतात. शिक्षेच्या सिद्धांताने धर्म टिकतो असं म्हणणाऱ्यांनी तो कुणाला वाचवतो हेही पाहावं.

मग कर्मावर विश्वास ठेवणाऱ्याने काय करावं? विश्वास सोडायची गरज नाही, त्याची दिशा सुधारायची गरज आहे. कर्म ही माझ्या उद्याबद्दलची ताकीद आहे. ते दुसऱ्याच्या कालबद्दलचं निकालपत्र नाही. ‘मी जे करतो त्याला अर्थ आहे, त्याचं फळ कुणाला तरी भोगावं लागेल’ असं मानणारा माणूस घर बांधताना भिंतीत आरपार दगड घालील, ठेका घेताना सिमेंट चोरणार नाही, दारूला हात लावताना घरच्या मुलांचा विचार करील. किल्लारीनंतर ज्यांनी ढिगारे उपसले, ज्यांनी शेकडो अनाथ मुलांना पुण्याला नेऊन शिकवलं, ज्यांनी भूकंप सोसतील अशी घरं आखली, त्यांतल्या कुणालाही मेलेल्यांचं पाप माहीत असण्याची गरज पडली नाही. त्यांनी विचारलेला प्रश्न ‘कुणी काय केलं होतं’ हा नव्हता, ‘आता काय करायचं’ हा होता, आणि माझ्या मते धर्माचा प्रश्नही हाच आहे. म्हणून ज्याच्या दारात दुःख आलं आहे त्याच्याकडे जाताना आपण एवढं तरी पाळावं: मदत न्यावी, वेळ न्यावा, जमल्यास त्या दुःखाचं खरं कारण शोधायची तयारी न्यावी, निकाल नेऊ नये. तो द्यायचा अधिकार ईयोबाच्या मित्रांना नव्हता, मांडव्याने तो यमधर्मालाही बजावू दिला नाही, आणि आपल्यालाही तो नाही.